बुलेटची तिसरी बॅटरी मेली. परत १४ एएच घेऊ, छोटी घेऊ, की लिथियम?

मांडवीकाठ | १९ ऑगस्ट, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. गाडी २०१५ ची क्लासिक ३५०, कार्बोरेटरवाली. बाबांची. आता मीच चालवतो, म्हणजे चालवतो असं म्हणायचं. पावसात वेर्ण्याला कंपनीच्या बसने जातो आणि गाडी हळदोण्याच्या घरी पडवीत उभी. जूनपासून फार तर चार वेळा काढली असेल.

पहिली बॅटरी साडेचार वर्षं चालली. दुसरी दोन वर्षं. तिसरी १४ महिन्यांपूर्वी घेतली आणि काल सेल्फ मारला तर नुसतं टक-टक-टक. हॉर्न म्हणजे म्हाताऱ्या बोकडाचा खोकला. वॉरंटीत आहे, पण दुकानदार म्हणतो "गाडी वापरत नाही, बॅटरी सल्फेट झाली, त्यात वॉरंटी नाही."

चवथीला सासरी डिचोलीला जायचंय, त्याआधी सोक्षमोक्ष लावायचाय. पर्याय तीन: (१) तीच १४ एएच (ॲम्पियर-तास, बॅटरीच्या साठ्याचं माप), दुसऱ्या कंपनीची. (२) ९ एएच, स्वस्त पडते, एक मित्र म्हणतो चालते. (३) लिथियम, महाग आहे पण एकदाच काय तो खर्च. काय करू?

---

पायलट_पणजी | १९ ऑगस्ट, रात्री १०.०२

कंपनी बदलून काही होत नाही भावा. मोटरसायकल टॅक्सीच्या स्टँडवर आम्ही बारा जण, निम्म्यांच्या गाड्यांत एक्साइड, निम्म्यांच्यात ॲमरॉन. रोज ऐंशी-नव्वद किलोमीटर फिरतात, सगळ्यांच्या तीन-चार वर्षं जातात. एसएफ पण एक्साइडचीच. बॅटरी उभ्या गाडीत मरते, पळत्या गाडीत नाही.

---

फोंडेकार | १९ ऑगस्ट, रात्री १०.१५

लिथियम घे आणि मोकळा हो. वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं.

---

शेवंती | १९ ऑगस्ट, रात्री १०.३१

@फोंडेकार, दोनशे किलोच्या आसपासच्या बुलेटमधून तीन-चार किलो कमी करून हा गृहस्थ कुठली शर्यत जिंकणार आहे?

@मांडवीकाठ, साडेचार वर्षं, मग दोन, मग चौदा महिने. हा उतार बघा ना. प्रत्येक बॅटरी आधीच्यापेक्षा वाईट निघाली असं होत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या बॅटरीच्या मध्ये गाडीत काहीतरी बदललंय. आठवून सांगा, काही नवीन बसवलं का? फॉगलॅम्प, जीपीएस, मोबाइल चार्जर?

---

गॅरेजवाला_म्हापसा | २० ऑगस्ट, सकाळी ७.१०

शेवंतीताई बरोबर बोलतात. मी तीस वर्षं वायरिंगच करतो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं "बॅटरी घाल." घालतो, माझा धंदा आहे. पण आधी मीटर लावतो.

दादा, तुमच्याकडे मल्टिमीटर आहे का? नसला तर साधा डिजिटल घ्या, पुढेही उपयोगी पडेल. तीन मापं काढा.

एक. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज. १२.६ च्या वर असेल तर भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. १२ म्हणजे जवळजवळ रिकामी.

दोन. सेल्फ दाबून धरला असताना किती खाली जातो. साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरीत दम नाही. पण हे माप बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून घ्या, रिकाम्या बॅटरीवर घेऊन काही कळत नाही.

तीन. गाडी सुरू करून थोडा ॲक्सिलरेटर पिळून, तीनेक हजार आरपीएमला, पुन्हा त्याच दोन टोकांवर. १३.८ ते १४.५ यायला हवा. १३.५ च्या खाली राहिला तर चार्जिंग कमी, १५ च्या वर गेला तर रेक्टिफायर (इंजिनाकडची वीज बॅटरीला लागेल तशी करून देणारा डबा) गेला आणि तो बॅटरी उकळतोय.

चौथं माप आहे, गाडी बंद असताना करंट कोण खातो ते. ते नंतर सांगतो, त्यात लोक घोटाळा करतात.

---

मांडवीकाठ | २० ऑगस्ट, रात्री ८.५५

मल्टिमीटर ऑफिसातून मागून आणला. बॅटरी ११.६. म्हणजे मेलेलीच. शेजारच्या गॅरेजवाल्याकडे रात्रभर चार्जिंगला दिलीय.

शेवंतीताई, आठवलं. २०१९ च्या शेवटी हँडलला यूएसबी चार्जर बसवला. पणजीच्या एका दुकानात. त्याने वायर सरळ बॅटरीवर नेली, "चावी बंद असली तरी मोबाइल चार्ज होईल" म्हणून. तेव्हा मला ती सोय वाटली होती.

आणि हो, चौथं माप मी यूट्यूब बघून स्वतःच करून पाहिलं. मीटरचा फ्यूज उडाला. ऑफिसचा मीटर.

---

पायलट_पणजी | २० ऑगस्ट, रात्री ९.०३

😂😂

---

गॅरेजवाला_म्हापसा | २० ऑगस्ट, रात्री ९.२०

म्हटलं ना घोटाळा करतात. मीटर मध्ये लावून चावी फिरवली असणार, किंवा सेल्फ.

नीट ऐका. चावी बंद. बॅटरीची मायनस वायर काढा. मीटरचा एक पिन काढलेल्या वायरला, दुसरा बॅटरीच्या मायनस टोकाला. लाल वायर आधी १० ॲम्पियरच्या भोकात. आकडा अगदी बारीक आला तरच मिलिॲम्पियरच्या भोकात घाला. आणि मीटर मध्ये असेपर्यंत चावीला हात लावायचा नाही. सेल्फची मोटर अख्ख्या मीटरला खाऊन टाकते.

आणखी एक. बॅटरी काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. उलटं केलं तर प्लस सोडवताना पाना चॅसीला लागतो आणि ठिणगी पडते. माझ्या हातावर अजून डाग आहे.

---

सह्याद्री_स्वार | २० ऑगस्ट, रात्री १०.४०

पुण्याहून लिहितोय. माझ्या गाडीत तीन वर्षं लिथियम आहे, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची. वजनाचं सोडा, पण ती स्वतःहून फारशी उतरत नाही. दोन महिन्यांनी चावी फिरवली तरी चालू. नेहमीची लेड-ॲसिड उभी राहिली की आतल्या आत उतरतेच. उभ्या गाडीला लिथियमच बरी, असं माझं मत.

---

मांडवीकाठ | २१ ऑगस्ट, रात्री ९.१५

नवीन फ्यूज घातला. आज नीट केलं.

गाडी बंद, चावी बंद: ३८ मिलिॲम्पियर. यूएसबी चार्जरची वायर काढली: १. म्हणजे ३७ मिलिॲम्पियर एकटा चार्जर खात होता, मोबाइल लावलेला नसताना.

चार्ज करून आणलेली बॅटरी लावली, गाडी सुरू झाली! ३००० च्या आसपास हेडलाइट लावून १३.१. हेडलाइट बंद करून १३.४. गॅरेजवाले काका, हे कमी ना?

---

शेवंती | २१ ऑगस्ट, रात्री ९.४८

३८ मिलिॲम्पियर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ०.९ एएच. चौदाची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तरी पंधरा दिवसांत तळाला. तुमची गाडी पावसात तीन-तीन आठवडे उभी. दर वेळी बॅटरी खडखडीत रिकामी होत होती आणि तशीच पडून राहत होती. रिकामी पडली की प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होतं आणि मग ते चार्जिंगने विरघळत नाही. दुकानदार "सल्फेट झाली" म्हणाला ते खरंच होतं. कशामुळे, ते त्याने विचारलं नाही एवढंच.

@सह्याद्री_स्वार, तुमचं म्हणणं लिथियमच्या स्वतःच्या गळतीपुरतं बरोबर आहे. पण इथे गळती गाडीची होती. शिवाय लिथियमच्या खोक्यावर "१४ एएचच्या बरोबरीची" लिहिलेलं असतं ते सेल्फ फिरवायच्या ताकदीचं. आत साठा खरा चार-पाच एएचच असतो. तो चार्जर तसाच ठेवून ह्यांनी लिथियम घातली असती तर साडेचारची बॅटरी पाच दिवसांत संपली असती. आत रक्षक सर्किट असेल तर ते तोडून टाकतं, नसेल तर एवढ्या पैशांची माती. फोंड्याच्या सल्ल्याने गेले असते तर पुढचा धागा "लिथियम फसवी आहे" असा निघाला असता.

---

फोंडेकार | २१ ऑगस्ट, रात्री ९.५५

फोंड्याने काय केलंय ताई. सल्ला माझा एकट्याचा.

---

गॅरेजवाला_म्हापसा | २२ ऑगस्ट, सकाळी ६.५०

१३.१ कमी आहे. पण लगेच रेक्टिफायर घेऊ नका. दोन कारणं असतात, एक तर बॅटरीच खराब म्हणून व्होल्टेज चढू देत नाही, नाहीतर वाटेत वायर खाते.

गाडी चालू ठेवून मीटरचा लाल पिन रेक्टिफायरच्या बाहेर पडणाऱ्या प्लस वायरला मागून टेकवा. तिथे किती आणि बॅटरीवर किती, ते बघा. फरक पाव व्होल्टच्या वर असेल तर मधला कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा सांधा) उघडा. बाजूला खारं वारं, वरून पाऊस. कपलर हिरवा झालेला असणार, नाहीतर पिवळा पडून वितळलेला.

दुसरं. तुमची बॅटरी पाणी घालायची आहे ना, सहा बुचांची? मग बॅटरीवाल्याकडून छोटा हायड्रोमीटर आणून सहाही भोकांतल्या ॲसिडची घनता मोजा. व्होल्टमीटर खोटं बोलतो, हायड्रोमीटर नाही. डोळ्याला चष्मा लावा, जुने कपडे घाला. ॲसिडचा थेंब कपड्यावर दिसत नाही, धुतल्यावर भोक दिसतं.

---

मांडवीकाठ | २३ ऑगस्ट, दुपारी ४.३०

रविवार सत्कारणी.

रेक्टिफायरपाशी १४.३, बॅटरीवर १३.१. सव्वा व्होल्ट वाटेत गायब! कपलर उघडला तर आत तांब्याच्या देवपूजेच्या भांड्यावर येतो तसला हिरवा थर, आणि एक पिन काळी पडून प्लास्टिक मऊ झालेलं. कपलर कापून नवीन घातला, पिना क्रिंप केल्या (पक्कडीने दाबून बसवल्या). आता बॅटरीवर १४.१.

हायड्रोमीटर: १.२५, १.२५, १.१३, १.२५, १.२५, १.२४. आणि गंमत म्हणजे रात्रभर ठेवल्यावर व्होल्टेज १२.४. म्हणजे व्होल्टमीटर म्हणतो "पाऊण भरलेली". सेल्फ दाबला की ८.२.

---

शेवंती | २३ ऑगस्ट, संध्या. ५.१०

हे उदाहरण मी वर्गात वापरणार. बॅटरीत सहा सेल, प्रत्येक भोकाखाली एक. ॲसिडच्या घनतेत ०.८४ मिळवले की त्या सेलचं व्होल्टेज साधारण येतं. १.२५ वाल्या सेलचं २.०९, तिसऱ्याचं १.९७. सहा मिळून साडेबाराला थोडं कमी, म्हणजे तुमचं १२.४ च. पाच सेल धडधाकट असल्यामुळे सहावा झाकला गेला. सेलांमध्ये ०.०५ पेक्षा जास्त फरक म्हणजे बॅटरी संपली. ह्यात १.२५ आणि १.१३. चार्जिंगने नाही यायची वर.

---

गॅरेजवाला_म्हापसा | २३ ऑगस्ट, रात्री ८.००

बाद. आता घ्या नवीन.

१४ एएचच घ्या. ९ एएचने गाडी सुरू होणार नाही असं नाही, होते. पण तेवढ्या इंजिनाला सेल्फ फिरवताना ती दर वेळी जिवावर उदार होते, आणि डब्यात खुळखुळते म्हणून लोक कुठलातरी स्पंज कोंबतात. त्या हादऱ्याने प्लेटा सुटतात. मोठी घालूनही काही मिळत नाही, डब्यात बसणार नाही.

---

नानू_डिचोली | २३ ऑगस्ट, रात्री ८.४५

एक सावधानी माझ्याकडून. ह्या आकाराच्या बॅटरीचा कोड वायबी१४एल-ए२ असा असतो. माप १३४ बाय ८९ बाय १६६ मिलिमीटर. त्यातलं "एल" महत्त्वाचं. बिन-एलची वायबी१४-ए२ दिसायला जुळी बहीण, डब्यातही बसते, पण प्लस दुसऱ्या बाजूला. एल असेल तर टोकं तुमच्याकडे तोंड करून ठेवली की प्लस उजवीकडे.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी दुकानातल्या पोराने बिन-एलची दिली, वायर पोचेना म्हणून ताणून लावली, आणि मीही घाईत होतो. लाल वायर मायनसला. फ्यूज गेला, आणि फ्यूजच्या आधी रेक्टिफायर गेला. बॅटरीपेक्षा रेक्टिफायर महाग पडला. वरचा कोड वाचायचा, चित्र नाही बघायचं.

---

सह्याद्री_स्वार | २३ ऑगस्ट, रात्री ९.३०

शेवंतीताईंचा मुद्दा मान्य. माझी गाडी नव्या वायरिंगची आहे, हे सांगायचं राहिलं. जुना रेक्टिफायर कधी १५ च्या वर गेला तर लिथियमला ते लेड-ॲसिडपेक्षाही सोसत नाही.

बॅटरीवरचा सीसीए, म्हणजे थंडीत सेल्फ फिरवायच्या ताकदीचा आकडा बघायचा का पण?

---

शेवंती | २३ ऑगस्ट, रात्री ९.४४

बघा हवं तर. ते माप शून्याखाली १८ अंशांना घेतात. हळदोण्यात तेवढी थंडी पडली तर बॅटरीपेक्षा मोठे प्रश्न असतील. आपल्याकडे उलट आहे. उन्हाळ्यात पाणी उडतं. तेव्हा पाणी घालायचीच घेणार असाल तर महिन्याला पातळी बघा, आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचं नाही, फिल्टरचं नाही.

तुम्हाला ते जमणार नसेल तर त्याच मापात बंद, व्हीआरएलए मिळते का विचारा. पाण्याची कटकट नाही, ॲसिडची नळी नाही. पण ती रिकामी पडून मेली तर वाचवायला काही हातात नसतं.

---

पायलट_पणजी | २४ ऑगस्ट, सकाळी ८.१५

किमतीचं: सप्टेंबर २०२५ मध्ये बॅटरीवरचा जीएसटी २८ चा १८ झाला. त्याआधीचं कोटेशन कोणी दाखवलं तर मान हलवू नका. आणि बिल घ्याच. नुसत्या कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख नसेल तर नंतर कोणी ओळख देत नाही.

४८ महिने लिहिलेलं असतं ते अख्खे ४८ नसतात. माझ्या कार्डावर २४ फुकट बदलून आणि पुढचे २४ हिशेबाने सूट.

---

नानू_डिचोली | २४ ऑगस्ट, सकाळी ९.००

आणि बनवल्याची तारीख. बॅटरीवर कोरलेला किंवा छापलेला कोड असतो, प्रत्येक कंपनीचा वेगळा. दुकानदाराला वाचून दाखवायला सांगायचं. टाळाटाळ केली तर पुढचं दुकान. भरून ठेवलेली बॅटरी सहा महिने फळीवर असेल तर ती तुम्ही घेण्याआधीच म्हातारी झालेली असते.

---

मांडवीकाठ | २६ ऑगस्ट, रात्री १०.१०

घेतली. म्हापशात, १४एल-ए२. जूनमध्ये बनवलेली, कोरडी. दुकानदाराने ॲसिड भरलं आणि म्हणाला "घेऊन जा, लाव, चालू."

मागच्या वेळीही दुसऱ्या एका दुकानात अगदी असंच झालं होतं, दहा मिनिटांत ॲसिड ओतून गाडीत. ह्या वेळी विचारलं, "पहिलं चार्जिंग?" तर तो जरा दचकला, मग म्हणाला, "हवं असेल तर उद्या या." उद्या गेलो. अर्धा तास थांबू दिली, मग १.४ ॲम्पियरवर सात-आठ तास. एएचचा दहावा हिस्सा, हे शेवंतीताईंनी निरोपात सांगितलं होतं. त्याच्याकडे कारचा मोठा चार्जरही होता, त्यावर तासाभरात झाली असती, पण मी हट्ट धरला.

जुनी परत दिली, तिचे पैसे बिलातून कापले. रात्रभर ठेवून १२.७. गाडीत बसवून, हेडलाइट लावून १४.१. बंद असताना १ मिलिॲम्पियर. यूएसबी चार्जर आता चावीच्या मागच्या वायरवर, म्हणजे चावी बंद की तोही बंद, मध्ये फ्यूज. टोकांना व्हॅसलीन.

देव बरें करूं, सगळ्यांना.

---

आकाशकंदील | २६ ऑगस्ट, रात्री १०.३२

मध्येच विचारते. माझी २०२१ ची स्कूटर, इंजेक्शनवाली. किक आहे तरी बॅटरी बसल्यावर किकनेही सुरू होत नाही. बिघाड आहे का?

---

गॅरेजवाला_म्हापसा | २६ ऑगस्ट, रात्री १०.५०

बिघाड नाही बाय. एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नियम), म्हणजे पेट्रोलचा पंप आणि कॉम्प्युटर दोन्ही विजेवर. बॅटरी पार रिकामी असेल तर किक मारून पंपाला वीज मिळत नाही. थोडी जरी शिल्लक असेल तर होते सुरू. एकदा टोकांवर मीटर लावून बघा, १२ च्या खाली असेल तर या.

---

नानू_डिचोली | २७ ऑगस्ट, सकाळी ६.३०

मांडवीकाठ, पुढच्या पावसात गाडी उभी ठेवाल तेव्हा मायनस वायर काढून ठेवा, आणि महिन्याने एकदा चार्जरवर. आठवड्याला पाच मिनिटं पडवीत चालू करून बंद करतात लोक, त्याने बॅटरी भरत नाही. सेल्फने जेवढं घेतलं तेवढंही परत येत नाही, आणि सायलेन्सरात पाणी साचतं ते वेगळंच. काढायचीच असेल तर सरळ अर्धा तास फिरवून आणा.

आमच्या भजनाला आलात तर गाडी अंगणात लावा, गल्लीत जागा नाही.

---

मांडवीकाठ | २७ ऑगस्ट, सकाळी ७.०५

नानूबाब, नक्की येतो. सासरे विचारतायत की सेल्फवर सुरू होते की ढकलायला माणसं बोलवू.